दस्ता कापण्याआधी: शॉटगन अंगाला कशी बसवायची

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. तुम्ही ट्रॅप, म्हणजे समोर दूर उडत जाणाऱ्या थाळ्या (क्ले) शॉटगनने फोडण्याचा प्रकार, शिकताय, उंची पाच फूट तीन इंच, बंदूक उजव्या खांद्यावर. एका नेमबाजाकडून वापरलेली इटालियन ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्यांची बंदूक) घेतलीत, बारा बोअर, ३० इंची नळ्या. पंचवीस क्लेचा एक राउंड झाला की गालाच्या हाडावर निळं पडतं, काखेजवळ वळ उठतो, आणि मार कधी क्लेच्या वरून जातो तर कधी खालून. दुकानदार म्हणतो दस्ता लांब आहे, एक इंच कापून टाकू. रेंजवरचे काका म्हणतात, सवय होईल. कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय.

तूर्त कोणाचंच ऐकू नका. दुकानदाराचं निदान अर्धं बरोबर असेलही, पण कापलेलं लाकूड परत चिकटत नाही. काकांच्या म्हणण्यात तर जास्त धोका आहे, कारण सवय खरोखरच होते. ट्रॅपमध्ये बंदूक खांद्याला लावून, गाल टेकवून, सगळं जागेवर आणून मगच 'पुल' म्हणून क्ले मागायची असते. त्यामुळे मान थोडी वाकडी करून, खांदा उचलून न बसणारी बंदूक बसवून घेता येते. स्कीट या क्लेच्याच दुसऱ्या प्रकारात ही सोय नाही. तिथे क्ले दिसेपर्यंत दस्ता जॅकेटवरच्या, कमरेजवळच्या खुणेच्या पट्टीला लागलेला हवा, मग एका झटक्यात वर. बंदूक अंगाला बसत नसेल तर स्कीटमध्ये पहिल्याच दिवशी कळतं. ट्रॅपमध्ये पहिला राउंड बरा जातो, दुसरा जातो, आणि स्पर्धेच्या १२५ क्लेंमध्ये, प्रत्येक क्लेला दोन बार मारायची मुभा असताना, दिवसाच्या शेवटी मान थकली की वाकडेपणा बाहेर पडतो. मग आपण म्हणतो, एकाग्रता गेली.

आता मूळ मुद्दा. शॉटगनला पुढे मणी असतो, कधी रिबच्या, म्हणजे नळीवरच्या लांब सपाट पट्टीच्या, मध्यावर आणखी एक बारका मणी असतो, पण रायफलसारखी मागची माशी नसते. मागची माशी म्हणजे तुमचा डोळा. तो कुठे येणार हे ठरतं गाल दस्त्याच्या वरच्या कडेला कुठे टेकतो त्यावर. या कडेला रेंजवर सगळे कोम म्हणतात, मीही तेच म्हणतो. रायफलवाला माशी वरखाली करतो. आपल्याला त्यासाठी लाकूड वरखाली करावं लागतं. चष्म्याचा नंबर बरोबर असूनही फ्रेम नाकावरून घसरलेली असली तर नीट दिसत नाही, तसा हा प्रकार आहे.

याचं गणित सोपं आहे. डोळ्यापासून नळीच्या टोकावरच्या मण्यापर्यंतचं अंतर साधारण १ मीटर धरा. डोळा १ मिलिमीटर वर गेला, तर १६ मीटरवर मार १६ मिलिमीटर वर जातो आणि ३५ मीटरवर ३५ मिलिमीटर. क्लेचा व्यास ११० मिलिमीटर. म्हणजे गालाखाली ३ मिलिमीटरचा फरक पडला तर क्ले जिथे फुटते त्या अंतरावर छर्‍यांचा पुंजका जवळजवळ एका क्लेच्या व्यासाएवढा सरकतो. पुंजका बराच रुंद असतो म्हणून लगेच चूक होत नाही, पण क्ले दाट मध्यावर न येता विरळ कडेला येते. मग 'लागली होती, फुटली नाही' हे वाक्य सुरू होतं.

हेच गणित दुकानदाराच्या इंचाला लावून बघू. तुमची बंदूक बहुधा मैदानी, म्हणजे शिकारीच्या बंदुकीच्या मापाची असावी, म्हणजे कोमचं पुढचं टोक रिबच्या रेषेखाली ३८ मिलिमीटर आणि मागचं, खांद्याकडचं टोक ६० मिलिमीटरच्या आसपास. मधली लांबी वीत-सव्वा वीत. म्हणजे कोम मागे उतरत जातो आणि दर १० मिलिमीटरला साधारण १ मिलिमीटर खाली जातो. तुमचा खांदा आणि डोकं आहे तिथेच राहणार. दस्ता मागून २५ मिलिमीटर कापला की गालाखाली कोमचा तेवढाच पुढचा, म्हणजे अडीच मिलिमीटर उंच भाग येतो. ३५ मीटरवर मार आठ-नऊ सेंटिमीटर वर. लांबी दुरुस्त करायला गेलात आणि उंची बदलून बसली. ट्रॅपच्या दस्त्याचा कोम बराचसा सपाट ठेवतात त्यामागे हे एक कारण आहे: लांबी थोडी इकडेतिकडे झाली, डोकं थोडं पुढेमागे झालं, तरी डोळ्याची उंची फारशी बदलत नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी लांबी, मग पॅडचा (दस्त्याच्या मागे, खांद्याला टेकणाऱ्या रबराचा) कोन, मग कोमची उंची, शेवटी बाजूचा कल. प्रत्येक गोष्ट पुढची बदलते, पण मागची फारशी बदलत नाही. आणि एका वेळी एकच बदल. हे सगळं चिकटपट्टी, पुठ्ठा आणि वॉशर यांच्यावर करायचं. करवत अगदी शेवटी.

त्याआधी तीन गोष्टी तपासा, ज्यांचा दस्त्याशी संबंध नाही पण आळ मात्र दस्त्यावर येतो.

पहिली, काडतुसं. ऑलिंपिक प्रकारात छर्‍यांचं वजन २४ ग्रॅम असतं. सरावाला जे मिळेल ते, कधी ३२ ग्रॅमचं शिकारीचं काडतूस कुणी दिलं म्हणून तेही, असं चाललं असेल तर गालाच्या आधी काडतूस बदला. दुसरी, प्रबळ डोळा. दोन्ही हात ताठ समोर धरून तळव्यांमध्ये छोटं भोक ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दूरची एखादी वस्तू बघा, आणि वस्तू दिसत ठेवत हात चेहऱ्याकडे आणा. भोक आपोआप ज्या डोळ्यापाशी येईल तो प्रबळ. उजव्या खांद्यावर बंदूक आणि डावा डोळा प्रबळ, ही जोडी माझ्याकडे येणाऱ्या मुलींमध्ये बरीच दिसते. तसं असेल तर मार डावीकडे जातो आणि त्याचं उत्तर लाकडात नसतं. चष्म्याच्या डाव्या काचेवर, मणी दिसतो नेमकं त्या जागी, अर्धपारदर्शक चिकटपट्टीचा छोटा ठिपका लावून आधी बघा.

तिसरी गोष्ट माउंट, म्हणजे बंदूक उचलून गालाला आणि खांद्याला लावणं. तुम्ही दर वेळी बंदूक वेगळ्या जागी लावत असाल तर मी माप कशाचं घेणार? बहुतेकजण आधी दस्ता खांद्याला रोवतात आणि मग डोकं खाली आणून गाल शोधतात. उलटं करा. डोकं जवळजवळ सरळ ठेवा, दस्ता आधी गालापाशी येऊ द्या, खांदा थोडा पुढे येऊन त्याला भेटेल. घरी रोज थोडा वेळ, रिकाम्या बंदुकीने, डोळे मिटून माउंट करा आणि मग डोळे उघडा. काय दिसतं? रिबचा मागचा भाग दिसतो, की मणीच दिसत नाही, की प्रत्येक वेळी वेगळं काही? प्रत्येक वेळी वेगळं दिसत असेल तर दोनतीन आठवडे फक्त माउंटचा सराव करा. त्याआधी घेतलेलं कुठलंही माप चुकणार.

घरात करायचं म्हणून एक नियम. बंदूक मोडा, दोन्ही नळ्यांतून आरपार प्रकाश दिसतो का बघा, दुसऱ्या कुणाला दाखवा, काडतुसं त्या खोलीतच ठेवू नका. आणि नळीसमोर माणूस उभा करू नका. जुन्या पद्धतीत कारागीर नळीच्या टोकाशी उभा राहून नेमबाजाचा डोळा बघायचा. आता त्याची काही गरज नाही. मोबाइल स्टँडवर, डोळ्याच्या उंचीला, तीनेक मीटरवर ठेवा, व्हिडिओ चालू करा आणि कॅमेऱ्याकडे माउंट करा. नंतर चित्र थांबवून बघा. उजवं बुबुळ रिबच्या बरोबर मध्यावर असायला हवं आणि त्याचा खालचा काठ रिबला टेकलेला किंवा किंचित वर. अर्धं बुबुळ रिबमागे बुडालेलं असेल तर कोम खाली आहे. बुबुळ आणि रिब यांच्या मध्ये पापणी आणि गाल दिसत असेल तर एकतर कोम उंच आहे, नाहीतर तुम्ही डोकं उचललंय. हे दोन ओळखायला गालाकडे बघा: गालाची कातडी कोमवर किंचित दाबली जाऊन वळलेली दिसते का? दिसत नसेल तर डोकं तरंगतंय.

मला वाटतं तुमचं नेमकं हेच होतंय. दस्ता तुम्हाला लांब आहे. म्हणून गाल कोमच्या मागच्या, खालच्या भागावर पडतो. तिथून मणी दिसत नाही. मग नकळत डोकं थोडं वर येतं. ज्या वेळी जास्त वर येतं त्या वेळी मार वरून, ज्या वेळी डोकं खालीच राहतं त्या वेळी खालून. गालाला लागतं तेही याचमुळे: गाल आणि लाकूड यांच्यात फट राहिली की धक्क्याला वेग घ्यायला जागा मिळते, आणि कोम येऊन आदळतो. शिवाय कोम उतरता असल्यामुळे बंदूक धक्क्याने मागे येते तसा पुढचा उंच भाग गालाखाली घुसतो आणि वर ढकलतो. सपाट कोमवर बंदूक गालाला घासून मागे जाते, मारत नाही. म्हणजे तुमच्या निळ्या डागामागे लांबी आहे, उंची आहे आणि उतारही आहे. एक इंच कापून यातलं फक्त पहिलं सुटेल.

आता मापं. बंदूक रिकामी करा, टेबलावर जाड चादर न घालता एखादा सपाट, कडक पृष्ठभाग घ्या, बंदूक उलटी ठेवा म्हणजे रिब टेबलावर टेकेल. पुढचा मणी टेबलाच्या कडेबाहेर येऊ द्या, नाहीतर माप चुकतं. टेबलापासून कोमच्या पुढच्या टोकापर्यंत आणि मागच्या टोकापर्यंत उभं अंतर मोजा. ट्रिगरच्या मध्यापासून पॅडच्या मध्यापर्यंतची लांबीही लिहून ठेवा. दस्ता डावीकडे झुकलाय की उजवीकडे, हे मागून रिबच्या रेषेत बघितलं की कळतं; उजव्या खांद्यासाठी तो किंचित उजवीकडे झुकलेला असतो. वापरलेल्या बंदुकीत हे बघायलाच हवं, कारण आधीचा मालक डावखुरा असेल तर सगळंच उलटं मिळतं. हा कागद जपून ठेवा. पुढे कितीही बदल केलेत तरी परत यायचं ठिकाण हेच.

लांबीपासून सुरुवात करू. कोपर वाकवून दस्ता कोपराच्या खळगीत ठेवायचा आणि बोट ट्रिगरला पोचतं का बघायचं, ही चाचणी प्रत्येक दुकानात होते. तिने फक्त कोपर ते बोट एवढंच अंतर कळतं. मान किती लांब, खांदे किती रुंद, चेहरा केवढा, उभं राहायची ढब कशी, यातलं काहीच त्यात येत नाही, आणि लांबी ठरते ती याच गोष्टींवर. मी बघतो ते नाक आणि ट्रिगरच्या हाताचा अंगठा यांच्यातलं अंतर. माउंट झाल्यावर तिथे दोन बोटं, फार तर तीन बोटं मावली पाहिजेत. एकच बोट मावत असेल तर दस्ता आखूड. मग अंगठा नाकावर आदळतो. चार मावत असतील तर लांब. दुसरी खूण कपड्यांची: दस्ता वर येताना काखेत किंवा जॅकेटला अडकतो का?

दुकानात ठेवलेल्या बहुतेक बंदुका ३७० ते ३७५ मिलिमीटरच्या असतात. तुमच्या उंचीला त्याहून काही तरी कमी लागेल असं वाटतं, पण किती, हे मी इथून सांगणार नाही; तुमच्याच उंचीची, पण लांब मानेची मुलगी मोठा दस्ता आरामात वापरते. आधी पॅड बघा. रबरी पॅड जाड असेल तर पातळ पॅड लावून दहा-बारा मिलिमीटर लाकडाला हात न लावता कमी होतात. पॅड आणि लाकूड यांच्यात काळ्या प्लॅस्टिकच्या चकत्या घातलेल्या असतील, तर आणखी सोपं. कितीतरी बंदुकांचं काम एवढ्यावरच भागतं. कपड्यांचाही विचार करा. मे महिन्यात सोलापूर किंवा लातूरकडच्या उन्हात पातळ टी-शर्टवर बसवलेली बंदूक डिसेंबरमध्ये दिल्लीच्या तुघलकाबादच्या कर्णीसिंग रेंजवर जॅकेटावर घ्याल तेव्हा ती लांब वाटेल. पाच मिलिमीटरची एक चकती काढता-घालता येईल अशी सोय ठेवली की प्रश्न मिटतो.

पॅडच्या कोनाबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण हा भाग सगळे सोडून देतात आणि स्त्रियांना सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो. पॅडचं वरचं टोक म्हणजे हील, खालचं टोक म्हणजे टो. पॅडची सगळी लांबी खांद्याच्या खळगीत एकसारखी टेकली तर धक्का पसरतो. कोन चुकला तर धक्का एका टोकावर येतो. बहुतेक दस्ते पुरुषांच्या छातीसाठी कापलेले असतात. स्त्रियांमध्ये छातीचा उतार वेगळा असतो, त्यामुळे टो आत रुतते आणि प्रत्येक बाराला बंदूक वर उसळते. उसळली की परत गालाला लागतं. म्हणजे खांद्याचं दुखणं गालापर्यंत जातं.

तुमचा वळ नक्की कुठे आहे ते आरशात बघा. दंडाच्या वरच्या भागावर पसरट असेल तर तुम्ही दस्ता लांब पडतो म्हणून बाहेर, दंडावर घेताय. तो लांबी कमी झाल्यावर जाईल. कॉलरच्या हाडाखाली, काखेच्या आत, छोटा आणि टोकदार असेल तर ती टो आहे. त्यावर सोपा प्रयोग असा: पॅडचे दोन स्क्रू सैल करा, वरच्या स्क्रूपाशी, म्हणजे हीलकडे, पॅड आणि लाकडाच्या मध्ये एक-दीड मिलिमीटरचा वॉशर घाला, परत आवळा. हील तेवढी लांबली, म्हणजे टो तुलनेने आखूड झाली. बार करून बघा. फरक पडला पण पुरेसा नाही, तर आणखी एक. जास्त झालं की पॅड खांद्यावर वर सरकायला लागतो, तिथून एक पायरी मागे या. या वॉशरने मध्यावरची लांबीही थोडी वाढते, म्हणून नाक-अंगठ्याचं अंतर परत बघा. कायमचं करताना लाकूड त्या कोनात कापतात, आणि स्त्रियांसाठी टो किंचित बाहेर, उजवीकडे वळवतात. बाजारात असे पॅड-बेसही मिळतात जे वरखाली, आजूबाजूला आणि तिरके फिरवता येतात. लांब मान आणि उतरते खांदे असलेल्या माणसाचा निम्मा पॅड खांद्याच्या वर हवेत राहतो. त्याला पॅड खाली सरकवणारा बेस हवा, किंवा ज्यात कोम उंच आणि सपाट ठेवून हील मात्र खाली उतरवलेली असते तो मॉन्टे कार्लो दस्ता.

आता कोम. लांबी आणि कोन जागेवर आले की गाल आपोआप कोमच्या थोड्या पुढच्या भागावर आलेला असेल. परत व्हिडिओ काढा. अजूनही बुबुळ बुडत असेल तर कोम उंच करायचा. आधी लाकडावर कागदी मास्किंग टेपचा एक थर द्या, नाहीतर तेलाने पॉलिश केलेल्या अक्रोडावर चिकटपट्टीचे डाग पडतात. त्यावर पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवा आणि वरून वायरिंगची पट्टी घट्ट गुंडाळा. एका पट्टीने साधारण अर्धा मिलिमीटर. मागच्या बाजूला पट्ट्या जास्त आणि पुढे कमी ठेवलात तर उतारही कमी होतो, आणि तुम्हाला तेच हवंय. पट्टीची कडा गालाच्या बाजूला येऊ देऊ नका. आलीच तर पहिल्या राउंडनंतर गाल सोलवटतो आणि दोष परत बंदुकीला.

मग रेंजवर, आणि तेही क्लेवर नाही. जाड कागदाचा किंवा चुना फासलेल्या पत्र्याचा मोठा फलक १६ मीटरवर उभा करा. पत्र्याचा असला तर छर्रे उलटू शकतात, म्हणून चष्मा घालाच आणि आजूबाजूला कोणी नसू द्या. मध्यावर मुठीएवढा काळा ठिपका काढा. फुल चोक (नळीचं तोंड सगळ्यात अरुंद करणारा) लावा, म्हणजे पुंजका घट्ट पडतो. माउंट करा, ठिपक्याकडे बघा आणि लगेच बार करा. मणी लावत बसू नका. मणी लावत बसलात तर बंदूक कुठे बघते ते कळत नाही, तुम्ही कुठे बघता ते कळतं. त्याच फलकावर सहासात बार करा. एका बाराने काही सिद्ध होत नाही. सगळ्यांचा मिळून सगळ्यात दाट भाग कुठे पडला तो बघायचा. तो ठिपक्याच्या ५ सेंटिमीटर खाली असेल तर ५० भागिले १६, म्हणजे कोमला ३ मिलिमीटर उंची हवी. वर असेल तर तेवढ्या पट्ट्या काढा. बार एकाच जागी न पडता चहूकडे विखुरले असतील तर अजून माउंट पक्का झालेला नाही. मापं सोडा, घरी परत जा.

दाट भाग बरोबर ठिपक्यावर पाडायचा की थोडा वर, हे तुमच्यावर आहे. ट्रॅपची क्ले वर चढत दूर जाते, म्हणून बहुतेक ट्रॅपवाले मार थोडा वर ठेवतात. मणी क्लेच्या खाली ठेवला की क्ले दिसत राहते. निशाण्याच्या वर ६० टक्के आणि खाली ४० टक्के छर्रे, हे मी नव्यांना सुरुवातीसाठी सांगतो. ७० आणि ३० वाले पण आहेत आणि चांगले मारतात. तुमच्या बंदुकीला मधला मणी असेल तर पुढचा मणी त्याच्या डोक्यावर बसून इंग्रजी आठसारखा आकार दिसतो, ती ट्रॅपसाठी बरी खूण आहे. स्कीटला मात्र मार सरळ लागतो; दोन्ही खेळायचे असतील तर कोम हलता ठेवण्यात शहाणपण आहे.

बाजूचा कल शेवटी. फलकावर मार डावीकडे पडत असेल, डोळ्याची चाचणी तुम्ही आधीच केली असेल आणि ती ठीक असेल, तर डोळा रिबच्या डावीकडे राहतोय, म्हणजे गाल भरलेला आहे आणि लाकूड त्याला दूर ठेवतंय. कोम थोडा उजवीकडे सरकवावा लागेल किंवा गालाच्या बाजूने किंचित घासावा लागेल. उजवीकडे पडत असेल तर गालाच्या बाजूने एखादी पट्टी. इथे एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जायची वेळ क्वचित येते.

एवढं सगळं जमलं की दोनएक महिने त्याच पट्ट्यांवर मारा. रोज त्यात बदल करायचा मोह होईल, एक राउंड वाईट गेला की जास्तच. आवरा. वजन कमी-जास्त झालं की गाल बदलतो आणि कोमही बदलावा लागतो, पण तो महिन्यांचा हिशेब आहे, राउंडांचा नाही. दोन महिन्यांनी मापं टिकली, तर कायमचं काम करून घ्या. दोन रस्ते आहेत. एक, कोमचा वरचा तुकडा कापून दोन धातूच्या खांबांवर बसवून घेणं, म्हणजे किल्लीने वरखाली आणि आजूबाजूला करता येतो. शिकणाऱ्याला मी हेच सुचवतो, कारण तुमचा माउंट अजून वर्षभर बदलत राहणार आहे. दुसरा, मापावर नवा दस्ता. पेराझीसारख्या स्पर्धेच्या बंदुकांचा दस्ता पॅडमधल्या छिद्रातून लांब किल्ली घालून मिनिटभरात सुटतो, त्यामुळे तिथे हा रस्ता सोपा. तुमच्याच मॉडेलची बंदूक रेंजवर आणखी कुणाकडे असेल तर काही विकत घ्यायच्या आधी तिच्या दस्त्यावर चार माउंट करून बघायला काहीच हरकत नाही.

गावातल्या हुशार सुताराकडे बंदूक नेऊ नका. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरफार करणाऱ्याकडे त्या कामाचा परवाना लागतो, आणि तुमची बंदूक परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात राहिली तर अडचणीत तुम्ही येता. परवानाधारक कारागिराकडे जा, सोबत टेबलावरची मूळ मापं, पट्ट्या लावल्यानंतरची मापं आणि फलकाचा फोटो न्या. पट्ट्या काढून नेऊ नका, लावलेल्याच राहू द्या. त्याला 'थोडं वर करा' असं सांगितलंत तर त्याचं थोडं आणि तुमचं थोडं वेगळं निघेल. समोर मोजून घ्या. परत आल्यावर बंदूक पुन्हा उलटी टेबलावर ठेवा आणि त्याच मापांशी ताडून बघा.

लाकूड कापावं लागलंच, तर कापलेलं तोंड आणि कोमच्या खाचेचा आतला भाग त्याच दिवशी तेल किंवा वार्निशने बंद करायला सांगा. बरेच कारागीर पॅडखाली दिसत नाही म्हणून ते तसंच सोडतात. आपल्या पावसाळ्यात उघडं अक्रोड तिथून पाणी ओढतं, फुगतं, आणि खांब घट्ट बसून सप्टेंबरपर्यंत हलता कोम हलेनासा होतो.